गुलाबी पावडर आणि पॉवर बटण

फोन कॉम्प्युटरला जोडून झाला होता. सॉफ्टवेअर मारायचं, म्हणजे फोनची आतली सगळी प्रणाली नव्याने टाकायची, तेवढी एक क्लिक राहिली होती.

"दादा, व्हिडिओ राहतील ना?" काउंटरपलीकडून सविताताईंनी विचारलं.

"सगळं जाईल ताई. फोन कोरा होतो."

"मंग न्हाई करायचं."

मी माउसवरचा हात काढला. खरं तर हे मीच आधी विचारायला पाहिजे होतं.

मस्तगडला माझं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे. सविताताई एमआयडीसीत बियाण्याच्या प्लांटमध्ये पॅकिंगला. फोन स्वस्तातला, तळहातात मावणारा. कामावरच्या ॲप्रनच्या वरच्या खिशात बसतो म्हणून मुद्दाम लहान घेतलेला. तक्रार अशी की स्क्रीनवर कंपनीचं नाव येतं, फोन बंद होतो, परत नाव येतं. आधीच्या दुकानदारानंही सॉफ्टवेअरच सांगितलं होतं.

"कशाचे व्हिडिओ आहेत?"

"पोरीचे. प्रज्ञाचे. सात वर्षांची हाय. मधीच एकटक बघत राहती, ओठ चावती. हाक मारली तर ओळख न्हाई. संभाजीनगरचे डॉक्टर म्हणले, आता झालं की शूटिंग काढून आणा. तीन काढलेत. उद्या सकाळी नंबर हाय."

"तोंडी सांगता येणार नाही?"

"सहा महिने तोंडीच सांगून राह्यले, दादा."

मी केबल काढली. मागचं झाकण उघडलं आणि भिंग लावून कडेनं बघत गेलो. पॉवर बटणाच्या फटीत गुलाबी पावडर घट्ट बसली होती.

"हे काय आहे?"

"बियाला लावतेत ते औषध. अंगावर, कपड्यावर सगळीकडं बसतं."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पावडर आणि घाम मिळून बटण आत अडकलं होतं. बटण बराच वेळ दाबून धरलं की फोन रीस्टार्ट होतो. हे तर सतत दाबलेलंच होतं. सॉफ्टवेअरचा काही दोष नव्हता.

बटणाला जोडलेली पातळ वायरची पट्टी बोर्डापासून सोडवली. बटणाऐवजी चिमट्याचं टोक बोर्डावरच्या दोन बिंदूंना क्षणभर लावून फोन चालू केला. नाव आलं. नाव गेलं आणि पॅटर्न मागणारी स्क्रीन आली. सविताताईंनी बोट फिरवलं. गॅलरीत तिन्ही व्हिडिओ होते.

या लहान फोनला मेमरी कार्डाची जागा असते, बऱ्याच महागड्यांना नसते. व्हिडिओ कार्डावर उतरवले, वर माझ्या कॉम्प्युटरवरून पेन ड्राइव्हवरही दिले. मग नवीन पट्टी बसवली. त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि बाकावर टेकल्या.

पंधरा दिवसांनी कामावर जाताना त्या दुकानाशी थांबल्या.

"डॉक्टरनी व्हिडिओ दोनदा पाह्यले. म्हणले, आधीच्या गोळ्या ह्या प्रकारच्या फिटच्या न्हाईत. बदलून दिल्या. आठ दिवस झाले, एकदाबी न्हाई झालं तिला. शाळेत गेली आज."

त्या गेल्यावर मी चहा मागवला आणि सावकाश प्यायलो.

सॉफ्टवेअर मारायला दहा मिनिटं लागतात, बटण खोलून बघायला पंधरा. मी पाच मिनिटं वाचवायला निघालो होतो.