सखारामचं पान

आमची पलटण सुआकीनला उतरली तेव्हा मी हवालदार होतो. तांबड्या समुद्राच्या काठचं हे सुदानी बंदर. झाड नाही, पाणी मचूळ. परळात लोक विचारतात, लढाई कशी असते हो? अरे, लढाई राहू द्या, आधी पोटाचं बघावं लागतं.

पहाटे स्टँड टू, म्हणजे हत्यारं घेऊन सज्ज उभं राहायचं, मग परेड, मग खंदक खणायचे. रेशनला डाळ, तांदूळ, बिस्किटं. ताजी भाजी औषधालाही मिळत नव्हती. शिपायांच्या हिरड्या सुजून रक्त येऊ लागलं. बिस्किट दाताखाली धरवेना.

तेव्हा नाईक सखारामनं डोकं लढवलं. माझ्याच सेक्शनचा, मालवणकडचा, बोलायला मोजका. दुसऱ्याच्या चुलीवरचं खायची आमच्यात तेव्हा सोय नव्हती. हा पठ्ठ्या सुदानी उंटवाल्याच्या चुलीपासून लांब उभा राहून नुसता बघत असे. बघूनच शिकला. मटण, भरपूर कांदा, जिरं, धणे, दालचिनी, सुकलेली लिंबं, आणि शेवटी वाळलेल्या भेंडीची पूड. रस्सा दाट होतो, मटण जिभेनं तुटतं. बोकड त्यानं स्वतः कापला. चूल आमची, भांडं आमचं, मग कोण काय बोलणार?

मी म्हणालो, "मीठ बघ की चाखून."

"नाही हवालदारसाहेब. वाढायच्या आधी चाखलं की उष्टं होतं. वासावर कळतं."

मीठ कधी चुकलं नाही. बिस्किटाकडे पाठ फिरवणारी माणसं त्या रश्श्यावर पुन्हा ड्यूटीला उभी राहिली.

एके दिवशी आमचा सेक्शन विहिरीच्या पिकेटवर, म्हणजे पहाऱ्यावर होता. सखाराम कँपातून जेवण घेऊन यायचा होता. ऊन कलताना झुडपांतून गोळीबार सुरू झाला. सुभेदारांचा हुकूम आला, "होल्ड! जागा सोडायची नाही." आम्ही फायर देत होतो. तेवढ्यात पाठीमागे पावलं वाजली.

"हुकुमदार!" कोण येतंय ते विचारत सेंट्री ओरडला.

"फ्रेंड," उत्तर आलं. "आणि मटण."

देवाशपथ सांगतो, गोळ्या चालू असताना आम्ही हसलो. सखाराम वाकून पळत आला, भांडं खंदकात अलगद ठेवलं. "आळीपाळीनं जेवून घ्या रे, गार होईल," म्हणाला आणि बंदूक घेऊन माझ्याशेजारी बसला. मग मला त्याच्या कुशीतलं रक्त दिसलं. गोळी वाटेतच लागली होती. त्या अंगानं तो भांडं घेऊन पळत आला होता. गोळीबार थांबायच्या आत तो गेला. रडत रडत जेवलो आम्ही. त्यानं आणलेलं अन्न टाकणार कोण?

पेन्शनीत आल्यावर परळच्या खोलीत मी तो रस्सा रांधायला घेतला. सखारामची आई, आमची काकी, लालबागहून यायची होती. पोरगा परमुलखात उपाशी गेला, हा एकच घोर तिला लागला होता. भेंडी मी गॅलरीत वाळवून कुटली. तर आमची बायको खोबऱ्याचं वाटण घेऊन हजर!

"अहो, वाटणाशिवाय मटण? म्हातारी काय म्हणेल?"

"खबरदार! सखारामचा रस्सा आहे हा."

काकी आली, चुलीजवळ बसली. मी सवयीनं पळी तोंडाकडे नेली, तर तिनं माझा हात धरला. "वाढूच्या आधी उष्टा करतंस?"

मी पळी खाली ठेवली. अगदी त्याचेच शब्द.

मग तिनं विचारलं, "माझो झील जेवललो काय रे त्या दिवशी?" झील म्हणजे मुलगा. हो म्हणणं सोपं होतं. त्या माउलीपुढे जीभ रेटेना.

"नाही, काकी. आम्हाला जेवायला घातलं. त्यानं चाखलंसुद्धा नाही."

तिनं डोळ्यांना पदर लावला. बायको माझ्याकडे रागानं बघत होती. काकीनं पदर खाली घेतला. मग म्हणाली, "आधी वाढूचा, मगे जेवूचा. मीयाच शिकवलंय तेका."

ती उठली. माझ्या पानाशेजारी तिनं आणखी एक पान मांडलं. भाकरी ठेवली, रस्सा वाढला, मटणाचे चांगले तुकडे शोधून घातले. पलटणीत मी शूर माणसं पुष्कळ पाहिली, सखारामसारखा एकच. त्याचं पान वाढलं जात होतं तोवर मी अटेन्शनमध्ये उभा राहिलो.

काकीनं वर पाहिलं. "बस, बाबा. तो जेवता."