रविवारचं डाळीचं पीठ

माझी धाकटी बहीण पुण्यात नर्स आहे. तिनं सुदानहून शिकायला आलेल्या आणि पुण्यातच नोकरीला लागलेल्या माणसाशी लग्न केलं. दुसऱ्या बाळंतपणाआधी डॉक्टरांनी तिला झोपून राहायला सांगितलं, तेव्हा तिची चार वर्षांची लेक काही महिने माझ्याकडं आली. नळदुर्गजवळच्या आमच्या गावात मी अंगणवाडी सेविका आहे. घरात एकटीच असते. पोरगी येणार म्हणून मी आठ दिवस आधीपासून घर आवरत होते.

पोरगी बापावर गेलेली. तसाच काळाभोर रंग, तसेच बारीक कुरळे केस. दिवसभर टकळी चालू. पंधरा दिवसांत ती गावाची बोली बोलायला लागली आणि शेजारच्या म्हातारीच्या शेळ्यांमागं हिंडायला लागली. म्हातारी तिला गूळ-शेंगदाणे द्यायची, मायेनं गालावरून हात फिरवायची आणि मग माझ्याकडं बघून म्हणायची, "लेकरू लई गुणाचं हाय गं. रंग तेवढा उजळला असता तर..."

त्या 'तर'च्या पुढचं मला तोंडपाठ होतं. मी सावळी वगैरे नाही, चांगली काळी आहे. लहानपणी आई मला दर रविवारी डाळीचं पीठ, हळद आणि साय लावून घासायची. पुढं मला बघायला आलेली दोन स्थळं रंगावरून परत गेली. तिसऱ्या वेळी मीच बाहेर आले नाही.

एवढं सगळं भोगूनही पहिल्याच रविवारी मी वाटीत पीठ कालवलं. कातडी मऊ राहते, असं स्वतःला सांगितलं. अंगणवाडीत मात्र आयांना बजावते, लेकरांना नावं ठेवू नका. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. पोरीला गुदगुल्या व्हायच्या, ती खिदळायची. एकदा तिनं विचारलं, "मावशी, हे कशाला?" मी म्हणाले, "छान दिसायला." म्हातारीचं बोलणं आणि माझं पीठ तिनं मनात बरोबर जोडलं होतं, हे मला पुढं कळलं.

दोन महिन्यांनी तिचे वडील तिला भेटायला आले. रविवारच होता. मी चहा गाळत होते, तेवढ्यात ही पिठाची वाटी घेऊन त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"पप्पा, तुमी बी लावा. काळं निघतं. मग शेळ्यांवाली आजी तुमाला बी चांगलं म्हणंल."

धरणीनं पोटात घ्यावं असं मला झालं. ते आता मला काहीतरी बोलतील म्हणून मी वाट बघत राहिले. ते उठले. बाह्या वर करून न्हाणीच्या दगडावर जाऊन बसले आणि त्यांनी दोन्ही हात पुढं केले. पोरीनं मन लावून पीठ चोळलं. मग त्यांनी तांब्यानं पाणी ओतून घेतलं.

"गेला का रंग?"

तिनं हात उलटेपालटे करून बघितले. "न्हाय गेला."

"जाणार नाही. पक्का आहे," ते पुण्यात शिकलेल्या मराठीत म्हणाले. "माझ्या आईने मला दिला. मी तुला दिला. मला तो खूप आवडतो."

पोरीनं आपला हात त्यांच्या हाताशेजारी धरला आणि बराच वेळ बघत बसली.

ते निघताना मी म्हणाले, "पाव्हणं, माझं चुकलं."

"ताई, मला नको," ते म्हणाले. "तिला सांगा."

हे जड होतं. मोठ्यांनी लेकराची माफी मागायची आमच्यात रीत नाही. दुसऱ्या दिवशी म्हातारीनं पुन्हा रंगाचं काढलं, तेव्हा मी तिला मध्येच थांबवलं. "आजी, बाजारात शेळी घेताना काळीभोर, तुकतुकीत बघून घेता. लेकराच्या वेळीच तुमाला काय होतं?" म्हातारी आधी फणकारली, मग म्हणाली, "व्हय की गं." तिच्याशी भांडणं त्या मानानं सोपं होतं.

पुढच्या रविवारी पोरगी न्हाणीत उभी राहून म्हणाली, "मावशी, पीठ?"

संपलं, असं म्हणणार होते. डबा भरलेला होता. मी तिच्यासमोर खाली बसले.

"पीठ लावायचं न्हाय. तुझा रंग चांगलाच हाय. मी लावलं ते माझं चुकलं. मला बी लहानपणी असंच लावायचे, म्हणून मी..."

तिनं माझा हात ओढला, त्यावर पाणी ओतलं आणि अंगठ्यानं घासून घासून बघितलं.

"मावशी," ती म्हणाली, "तुझा बी पक्काच हाय."

पंचेचाळीस वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी त्या ओल्या दगडावर बसून रडले, आणि ती जाणत्या बाईसारखी माझ्या डोक्यावर तांब्यानं पाणी घालत राहिली.