समाप्तच्या पुढची कॅसेट

नागनाथच्या व्हिडिओ लायब्ररीत यादी नव्हती. परभणीतली बाकीची दुकानं सिनेमांची नावं पुठ्ठ्यावर लिहून टांगत. नागनाथ आधी विचारायचा, "घरात कोन कोन हाय?"

"मारामारीचा दे की एखादा. घरची चौकशी कशाला?"

"सांगा तर."

"म्हातारी हाय. बायको हाय, सातवा महिना चालू हाय."

मग तो फळीवरून एक कॅसेट काढायचा. तिच्यात बाळंतपणात कुणी मरत नसे. "तू व्हिडिओवाला हायस का डागदर?" म्हणत गिऱ्हाईक हसत जायचं आणि पुढच्या रविवारी पुन्हा त्याच्याकडंच यायचं. प्रत्येक सिनेमा तो आधी स्वतः बघायचा. समाप्त आलं की कॅसेट मागं गुंडाळायची आणि वहीत एखादा शब्द टाकायचा. रडं. मार. आग.

आग लिहिलेली कॅसेट तो घरी नेत नसे. घर म्हणजे एक खोली. तो आणि त्याची आई, सुलाबाई. पालमकडच्या त्यांच्या गावात नामांतराच्या दंगलीत बौद्धवाडा जळाला, तेव्हा नागनाथ परभणीच्या बोर्डिंगात दहावीला होता. त्याला आता नऊ वर्षं झाली. त्या दिवसाबद्दल आई कधी बोलली नाही. फक्त ती दाराकडं पाठ करून बसत नसे. जेवतानाही नाही. टीव्ही होता आतल्या भिंतीला.

"तुजं डबडं बघायचं तर दाराला पाठ करावी लागती," ती म्हणायची. "नगं बाबा."

शहराला सिनेमे निवडून देणाऱ्याच्या आईनं एकही सिनेमा पाहिला नव्हता. हे त्याला सलत होतं.

एका मंगळवारी दुपारी त्यानं टीव्ही उचलून थेट उंबऱ्याजवळ मांडला. दार आणि पडदा, दोन्ही एका नजरेत. पंधरा दिवस विचार करून त्यानं एक जुना विनोदी सिनेमा काढला होता. एक चिक्कू घरमालक, दोन भाडेकरू आणि हरवलेली म्हैस.

"आगं बया, म्हस माडीवर चढली!" सुलाबाई पदर तोंडाला लावून हसली. नागनाथ पडद्याकडं बघतच नव्हता. तो तिच्याकडं बघत होता.

समाप्त आलं. तो खुशीत चहाला उठला, स्टोव्हला पंप मारत बसला. कॅसेट फिरत राहिली. ती नांदेडहून आणलेली, दुसऱ्या कुठल्या सिनेमावरच पुन्हा भरलेली. पडद्यावर मुंग्या आल्या. मग खालच्या जुन्या सिनेमाचा उरलेला तुकडा सुरू झाला. नागनाथनं वळून पाहिलं तेव्हा झोपड्या जळत होत्या.

तो बंद करायला धावला.

"ऱ्हाऊ दे," सुलाबाई म्हणाली. आणि तुकडा संपल्यावर, "मागं घे. पुन्यांदा लाव."

त्यानं मागं घेतलं. तीनदा. तिसऱ्यांदा तिनं पडद्याला बोट लावलं.

"ह्ये बघ. मानसं पानी घेऊन पळायलेत."

"सिनेमा हाय, माय."

"व्हय." तिचं बोट पडद्यावरच होतं. "पावसानं ओढ दिली हुती तवा. व्यंकटरावाच्या हिरीवर इंजन चालू हुतं. मिरचीला पानी. म्या पळत गेले, पाया पडले. म्हनला, दोन सऱ्या ऱ्हायल्यात, मंग बघू."

व्यंकटराव गावचे. दंगलीनंतर त्यांनी छपरासाठी दोन पत्रे दिले होते, हे नागनाथ सगळ्यांना कौतुकानं सांगायचा. "मला कशी बोलली न्हाईस?"

"तू इचारलं कवा?"

शुक्रवारी व्यंकटरावांच्या घरी साखरपुडा होता. व्हीसीआर नागनाथचाच भाड्यानं जायचा होता, सिनेमेही त्यानंच निवडायचे होते. व्यंकटराव दुकानात आले.

"पाव्हन्यांत नाक कापू नको रे. चांगलं दे. माय बरी हाय न्हवं?"

"बरी हाय."

नागनाथनं दोन कॅसेटी दिल्या. तिसरी म्हशीची. ती हातातून सुटायला वेळ लागला.

"मालक, ही संपली की बंद करू नका. पुढं बी हाय. बघा."

"बघतो की!"

रविवारी ते स्वतः सगळं घेऊन आले. "म्हशीनं लय मजा आणली. पाव्हनं हसून हसून लोळलं."

"पुढचं बघितलं?"

"पुढं काय हाय? समाप्त झाल्यावर कोन बघतंय?"

ते गेल्यावर त्यानं कॅसेट मशीनमध्ये घातली. कुणी मागं गुंडाळली नव्हती. पडद्यावर समाप्त ही अक्षरं उभी होती. मग मुंग्या.

घरी आईनं डाळ निवडता निवडता विचारलं, "बघितलं त्यानं?"

"न्हाई."

ती डाळीतले खडे वेचत राहिली. टीव्ही अजून उंबऱ्याजवळच होता. तो हलवू का, असं त्यानं विचारलं. ती म्हणाली, असू दे.

दुसऱ्या दिवशी ते सातव्या महिन्यावालं गिऱ्हाईक आलं. नेहमीच्या सवालाची वाट बघत उभं राहिलं. नागनाथनं तोंड उघडलं. घरात कोण कोण आहे हे विचारायला त्याची जीभ रेटेना.

"फळीवर हायत," तो म्हणाला. "तुमचं तुमी बघून घ्या."

"का हो डागदर, आज तपासनी न्हाई?"

नागनाथ वही चाळत होता. म्हशीचा सिनेमा त्यानंही समाप्तपर्यंतच बघितला होता; त्याच्यापुढं काहीच लिहिलेलं नव्हतं.