लाल शाईखालची चेष्टा

झाशीलगतचे नगरा शहरात मिसळून गेले नव्हते, एक लहानसे गावच होते, त्या काळची गोष्ट. रेल्वेच्या नोकरीपायी तिथे वसलेल्या मराठी कुटुंबांसाठी सीताबाईंनी आपल्या घराची पुढची खोली मोकळी करून दिली आणि एका पत्र्याच्या पेटीतल्या पुस्तकांनिशी वाचनालय सुरू झाले. पुढे पेटीची चार कपाटे झाली. त्यांच्या किल्ल्या गेली बावीस वर्षे सुभाषचंद्रांच्या हाती होत्या. पार्सल कचेरीतून निवृत्त झालेले हे गृहस्थ रोज स्नानोत्तर संस्कृत स्तोत्रे अर्थासह म्हणत, आणि मराठीत हिंदी शब्द आला की तोंडात खडा आल्यासारखा चेहरा करीत.

यंदा वाचनालयाला सत्तर वर्षे झाली, म्हणून इतिहासाची पुस्तिका काढायचे ठरले. लेखन अर्थातच सुभाषचंद्रांकडे आले. मजकूर जवळजवळ पुरा झाला होता. जुन्या अभिप्राय-वह्या एकदा डोळ्यांखालून घालाव्यात म्हणून ते बसले, आणि सहा वर्षांपूर्वीच्या एका पानावर त्यांचे बोट थबकले.

‘आजीच्या भाषेत वाचण्याची चेष्टा करते आहे. पूर्णिमा.’

पूर्णिमा ही सीताबाईंची नात. शिक्षण सारे हिंदीत, मराठी घरापुरती. तिने नेलेले ते पहिलेच पुस्तक होते. संक्रांतीच्या तिळगुळाला सारे जमले असताना सुभाषचंद्रांनी ती ओळ मोठ्याने वाचली होती.

“ऐका हो! सीताबाईंची नात आजीच्या भाषेची चेष्टा करते आहे, आणि तीही लेखी!”

“पोरगी प्रामाणिक आहे म्हणायची,” अध्यक्ष भाऊसाहेब म्हणाले, आणि खोली हसून हसून लोटपोट झाली.

“काका, म्हणजे... कोशिश,” पूर्णिमा पुटपुटली होती.

“मग प्रयत्न म्हणावं, बाळ. चेष्टा म्हणजे थट्टा.”

तेवढ्यावर न थांबता त्यांनी ओळीखाली लाल रेघ ओढून लिहिले होते, ‘भाषा आधी शिकावी.’ पूर्णिमा पुन्हा आली नाही. हळूहळू तिच्या वयाचे दुसरे कोणीही येईनासे झाले.

त्या पानावर बोट तसेच असताना सुभाषचंद्रांना सकाळी म्हटलेल्या स्तोत्रातला एक चरण आठवला. त्यातही चेष्टा होती. तिथे तिचा अर्थ देहाची हालचाल, उद्योग, खटपट. चाळीस वर्षे आपण मुखाने म्हणत आलो तो शब्द त्या मुलीने त्याच्या जुन्या, निर्मळ अर्थाने लिहिला होता. हिंदीने तो अर्थ जपला होता. थट्टा तेवढी आपली होती. समोरच्या कोऱ्या भिंतीकडेही त्यांना वर मान करून पाहवेना.

दुसऱ्या दिवशी वही आणि मजकूर घेऊन ते झाशी शहरात लक्ष्मी गेटला पूर्णिमाच्या घरी गेले.

“अरे, सुभाषकाका! आइए, बसा ना.”

त्यांनी वहीतले पान उघडून पुढे धरले. “बाळ, तुझा शब्द बरोबर होता. चूक माझी होती.”

तिने पान पाहिले आणि नजर वळवली. “फाड़ देते, काका. इतकी वर्षं कशाला ठेवलं?”

त्यांनी वही मिटून पुस्तिकेच्या मजकुराशेजारी ठेवली. तिने मग शेजारचा मजकूर उचलला आणि अक्षराला अक्षर लावीत वाचू लागली. शेवटच्या पानावर अडली.

“‘नव्या पिढीच्या अनास्थेमुळे वाचक घटले.’ अनास्था मतलब?”

“तुम्हांला यावंसं वाटलं नाही, असा अर्थ.”

“पर मुझे तो आना था, काका.”

सुभाषचंद्रांनी खिशातले लाल पेन काढले. ‘नव्या पिढीच्या अनास्थेमुळे’ हे शब्द खोडले आणि वर लिहिले, ‘ग्रंथपालाने केलेल्या चेष्टेमुळे.’

पूर्णिमाने वाकून वाचले. “ये कौन सी वाली चेष्टा?”

“मराठीतली,” मान खाली घालून ते म्हणाले. “थट्टावाली.”