सागावरचे आकडे

आमच्या टोळक्यात सगळ्यात भित्रा मीच होतो आणि म्हणूनच आधी जाऊन वाट बघून यायचं काम माझ्या गळ्यात पडलं. ऐकायला उलटं वाटतं, पण धाडसी माणसाला वाट बघायला पाठवलं तर तो परत येऊन 'रस्ता मस्त आहे' एवढंच सांगतो. कुठे दगड वर आलाय, कुठे वाळूत चाक रुततं, कुठला ओढा किती खोल आहे, हे भित्र्यालाच दिसतं. मला तर नसलेलं अस्वलसुद्धा दिसायचं.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. कागजनगरात नोकरी करणारे आम्ही आठ जण आणि आमच्या आठ मोटारसायकली. कोणी वीज खात्यात ओव्हरसियर, कोणी दवाखान्यात कंपाउंडर, मी ज्युनिअर कॉलेजात गणिताचा मास्तर. दर थंडीत गाड्या काढायच्या, जंगलात ताडपत्र्या ताणून एक मुक्काम करायचा आणि परत येऊन महिनाभर त्याच्या फुशारक्या मारायच्या. त्या वर्षी कार्तिक पौर्णिमेला प्राणहितेच्या काठी जायचं ठरलं. बेज्जूरपर्यंत सडक होती. पुढे सागाचं जंगल आणि बैलगाड्यांच्या चाकोऱ्या, त्याही थोड्या थोड्या अंतरावर एकीच्या दोन होणाऱ्या.

आदल्या वर्षी मागच्या दोन गाड्या अशाच एका फाट्यावर चुकल्या होत्या आणि त्यांना शोधण्यात आमचा सगळा दिवस गेला होता. म्हणून या वेळी मी डोकं चालवलं. प्रत्येक फाट्यावर, ज्या वाटेने जायचं तिच्या बाजूच्या सागाच्या बुंध्यावर चुन्याने आकडा काढायचा. एक, दोन, तीन. नुसता बाण काढला आणि तो नजरेतून सुटला तर कळायला मार्ग नाही. पण सातनंतर आठ दिसला नाही की समजावं, आपण चुकलो. या कल्पनेचं मला इतकं कौतुक होतं की वर्गात श्रेढी शिकवताना उदाहरण म्हणूनसुद्धा मी ती सांगितली.

भाऊबीज झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि वीज खात्यातला मित्र त्याच्या राजदूतवर निघालो. तो तेलुगू, त्याला मराठी जेमतेम कळायचं, आमचं बोलणं हिंदीत चाले. गाडी तो चालवत होता. मागे मी, मांडीवर चुन्याचा डबा, खिशात वही, शबनममध्ये कुंचला. कपडे खराब होऊ नयेत म्हणून जुनी खाकी पँट घातली होती. आपण कसे दिसतो आहोत, हा विचार तेव्हा मनात आलाच नाही.

त्या वर्षांत आमच्या भागातल्या जंगलात बंदुकवाले असत आणि त्यांना शोधणारे पोलीसही असत. शहाणा माणूस दोघांचंही नाव मोठ्याने घेत नसे. मोरीखाली काहीबाही पुरलेलं असतं, असं सगळे म्हणत. त्यामुळे मोरी आली की मी मित्राला थांबवायचो, खाली उतरायचो आणि बाजूच्या ओढ्यातून गाडी ढकलत काढायला लावायचो. तो मला शिव्या घालायचा, पण ढकलायचा. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, माझ्या पाठी तर त्यांची अख्खी पलटण होती.

बेज्जूरला चहाला थांबलो. चहावाल्याने विचारलं, "कुठी चालले, सायेब?"

मी खरं ते सांगितलं. पौर्णिमेला मित्रांना घेऊन नदीवर मुक्कामाला जायचंय, म्हणून वाट बघायला आलोय.

"काऊन? तिथं कोन हाय तुमचं?"

"कोणी नाही. असंच. चांदणं बघायला."

तो हसला. बाकावर बसलेले दोघे मात्र हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे, मग गाडीच्या नंबराकडे बघितलं आणि चहा अर्धा टाकून उठून गेले. खरं बोललो तर कोणी विश्वास ठेवत नाही, एवढं मी त्या बाकावर शिकलो आणि तेच माझ्या अंगाशी आलं.

पुढे तासभर आम्ही बरे चाललो. मी फाट्यावर उतरायचो, आकडा काढायचो, वहीत गाडीच्या मीटरचा आकडा टिपायचो आणि पुन्हा बसायचो. पाचोळ्यात काही हललं की मान वळवून बघायचो. अकरावा आकडा काढला आणि वळणापुढे जंगल एकदम उघडं झालं. डाव्या हाताला वीस-बावीस कुडाची घरं, उजवीकडे ज्वारीचं शेत, माणसापेक्षा उंच, कणसं नुकती भरत आलेली. आणि वाटेच्या मधोमध चार माणसं उभी होती. तिघांच्या खांद्यावर कुऱ्हाडी.

मित्राने गाडी बंद केली. जंगलात गाडी बंद झाली की जी शांतता पडते, तिची मला अजून भीती वाटते.

"कोन तुमी?" कुऱ्हाड नसलेल्या म्हाताऱ्याने विचारलं. बोली आमच्याकडचीच, नदीपलीकडची मराठी. "इकडं काऊन आले?"

मित्र माझ्याकडे बघू लागला. उत्तर मलाच द्यायचं होतं. 'फिरायला' हा शब्द ओठापर्यंत आला आणि चहावाला आठवला. मी म्हणालो, "सरकारी काम आहे."

कुऱ्हाडी खाली आल्या. चौघेही वाटेतून बाजूला झाले. म्हाताऱ्याने चुन्याचा डबा बघितला, वही बघितली, माझी खाकी पँट बघितली.

"झाडाले आकडे तुमीच टाकून राह्यले?"

"हो."

"बाकीचे कवा येनार?"

इथे तरी मला खोटं बोलावं लागलं नाही. "पुनवेला," मी म्हणालो. "आठ गाड्या."

"बरं," म्हातारा म्हणाला. गाडी पुढे निघाल्यावर मित्राने विचारलं, "क्या बोले तुम उनको?" मी सांगितल्यावर तो खो खो हसला. मीही हसलो. थाप पचली, याचा मला आनंदच झाला होता.

नदी सुरेख होती. रुंद पात्र, पांढरी वाळू, काठाला अर्जुनाची झाडं, आठ ताडपत्र्यांना पुरेल एवढी सपाट जागा. शेवटचा, एकतिसावा आकडा मी तिथल्या एका अर्जुनावर काढला. आम्ही डबा खाल्ला आणि त्याच वाटेने परत फिरलो, कारण दुसरी वाट नव्हती.

वस्ती जवळ आली तसा सपसप आवाज ऐकू यायला लागला. वळणावर आलो तर वाटेत बैलगाडी आडवी. तिच्यापलीकडे शेतात बायाबापड्यांसकट सगळी वस्ती, प्रत्येकाच्या हातात विळा. गाडी आडवी घालून आपल्याला अडवलंय, असंच मला वाटलं. सरकारी माणूस म्हणून मारतात की सरकारी नाही हे कळलं म्हणून मारतात, एवढाच प्रश्न माझ्या डोक्यात होता. मी मित्राचा शर्ट मागून घट्ट धरला होता.

म्हातारा विळ्यासकट आमच्याकडे आला. जवळ येऊन त्याने विळा खाली ठेवला आणि हात जोडले.

"सायेब, दोन दिवस वाढवून मांगा. पुनवेपर्यंत सारं निंगत नाई."

"काय निघत नाही?"

"ज्वारी. हे एक वावर झालं, मांगं अजून लय हाय."

तेव्हा मला दिसलं की बैलगाडीत हिरवी ज्वारी भरली होती. सकाळी उभं असलेलं शेत अर्ध्याहून जास्त आडवं झालं होतं. दाण्यात अजून दूध होतं. आणखी महिना उभी राहिली असती तेव्हा कुठे ती भाकरीची ज्वारी झाली असती.

"अशी कोवळी का कापताय?" मी विचारलं, पण उत्तर मला कळायला लागलं होतं.

म्हाताऱ्याने समजावून सांगितलं, मीच अडाणी असल्यासारखं. दोन पिढ्यांमागे नदी ओलांडून आलेले लोक ते. जंगल तोडून शेत केलं, पण त्याचा कागद कोणाकडे नाही. "पल्याडच्या वाडीत असेच झाडाईले आकडे पडले व्हते. मंग जंगल खात्याच्या गाड्या आल्या. उभं पीक गेलं, एक कनीस हाती लागलं नाई. मनून आमी कापून राह्यलो. ढोराईले तरी व्हईन."

मी गाडीवरून उतरलो आणि सगळं खरं सांगितलं. मी मास्तर आहे. माझा सरकारी मोजणीशी संबंध नाही. आठ गाड्या म्हणजे माझे मित्र, चांदण्यात झोपायला येणार होते.

एक बाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "जंगलात झोपाले कोन येते? घरदार नाई का तुमाले?"

मी जवळच्या सागावरचा अकरा पाण्याने पुसायला गेलो. चुना खरबरीत सालीत मुरला होता, आकडा गेला आणि तिथे मोठा पांढरा पट्टा झाला. "पुसून काय व्हते," कोणीतरी म्हणालं, "वहीत तं हाय." मी वहीची पानं फाडून म्हाताऱ्याच्या हातात दिली. त्याने ती घेतली नाहीत. साहेब लोक दुसरी वही करतात, हे त्याला ठाऊक होतं. शेतात सपसप चालूच होतं. माझ्या देखत एकेक ओळ खाली येत होती आणि मला काही करता येत नव्हतं.

म्हाताऱ्याने विचारलं, "मंग सकाळी काऊन खोटं बोलले?"

"भीती वाटली."

"कोनाची?"

"तुमची," मी म्हणालो.

"आमची?"

त्याने माझ्या हातांकडे बघितलं. वहीची पानं त्यांत वाजत होती. मग त्याने मागे वळून शेताकडे हाक घातली. "थांबा रे. हा मानूस आपल्याले भेला व्हता." हसलं कोणीच नाही. एकेक विळा थांबला. म्हातारा खाली बसला आणि स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "भेलेला मानूस खोटं बोलतेच. आमी बी बोलतो."

त्याने मला एक शिवी दिली असती तर बरं झालं असतं. उलट निघताना त्याने हिरव्या कणसांचा एक भारा गाडीच्या कॅरियरला बांधला. "घेऊन जा. हुरडा व्हते. आता आमाले किती खानं व्हते?" नको म्हणायची माझी छाती झाली नाही. मित्राला मी सगळं हिंदीत सांगितलं, तेव्हा परतीच्या वाटेवरचे उरलेले दहा आकडे त्याने गाडीच्या पान्याने साल खरवडून घालवले; नदीकडचे वीस तसेच राहिले.

रविवारी बेत पक्का करायला सगळे माझ्या घरी जमले. बायकोने ती कणसं शेगडीवर भाजली, चोळून गरम दाणे ताटात ओतले, सोबत लसणाची चटणी. सगळे तुटून पडले. वीज खात्यातला मित्र तेवढा भिंतीला टेकून बसला होता, त्याने ताटाला हात लावला नाही. मी सांगितलं की नदीकडे गाड्या जात नाहीत, वाट नाही. थोडी हळहळ झाली. मग कंपाउंडर म्हणाला, "नसू दे वाट. पण हुरडा फार गोड आहे. आणखी थोडा आण की तिथून."

सगळे माझ्याकडे बघत होते. मित्रही बघत होता. मी 'आणतो' म्हणालो आणि ताटातली एक मूठ तोंडात टाकली. त्यांनाही खरं सांगायची मला भीतीच वाटली.