चष्मेवाल्यांना न दिसलेली अंडी

आमच्या शेजारच्या चष्मेवाल्यांनी आयुष्यभर गावाच्या नाकावर चष्मे बसवले, पण स्वतःच्या नाकाला काच म्हणून लागू दिली नाही. दुकानात आलेल्या प्रत्येकाला ऐकवणार, "अहो, वय झालं की व्हायचंच. लाजता कसले? बसवा नाकावर!" आणि स्वतः पेपर हात लांब करकरून वाचणार. हात पुरेनासा झाला तेव्हा त्यांनी पेपरच बंद केला. म्हणाले, "हल्ली बातम्यांत काही दम राहिला नाही, वहिनी." दुकानात बारके स्क्रू बसवायला भिंगाचा दिवा वापरतात, पण तो म्हणे कामाचा भाग, तो धरायचा नाही.

त्यांची गच्ची आणि माझी गच्ची यांच्यामध्ये कमरेएवढी भिंत आहे. देवानं ती माझ्या कोपरांच्या सोयीसाठीच त्या उंचीची करून घेतली असावी. भिंतीपलीकडे दोन मधपेट्या. पहिली त्यांच्या बायकोची. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्या कपड्यांच्या दोरीवर मधमाश्यांचा एक मोठा घोस येऊन लटकला होता. मी किंचाळत खाली पळाले आणि ती खोकं घेऊन वर आली. धुतलेली भाजी झटकावी तशी तिनं दोरी झटकली, माश्या खोक्यात घेतल्या आणि मला वरून हाक मारली, "ये गं, झालं!" म्हणजे तसं पाहिलं तर माश्या मूळच्या माझ्या. पण मी हे कधी बोलून दाखवत नाही. आठवड्यातून एकदाच दाखवते.

ती गेली, पेटी राहिली. वाऱ्यानं झाकण उडू नये म्हणून तिनं वर ठेवलेली जुनी लोखंडी इस्त्रीसुद्धा तशीच राहिली. त्या पेटीला भाऊजी, म्हणजे आमचे चष्मेवाले, कुणाला हात लावू देत नसत. पुढे सून घरात आली तेव्हा त्यांनी त्याच पेटीतल्या पोळं बांधलेल्या काही चौकटी आणि माश्या वेगळ्या काढून तिला दुसरी पेटी करून दिली. नव्या सुनेला कुणी साडी देतं, कुणी सल्ला. यांनी चावणारी भेट दिली. पोरगी पहिल्या दिवशी रडली आणि महिन्याभरात सासऱ्याच्या चुका काढायला लागली.

या माश्यांचा वर्षभराचा संसार मी भिंतीवरून पाहिलाय. फुलोरा आला की पायांना पिवळी-केशरी परागाची गाठोडी बांधून येतात आणि जाताना माझ्या धुतलेल्या चादरींवर पिवळे ठिपके टाकतात. उन्हाळ्यात माझ्या बादलीच्या काठावर पाण्याला रांग, आणि दारात उभं राहून पंखांनी घराला वारा. पावसात आत कोंडून बसायचं आणि सुनेनं दिलेलं साखरेचं पाणी प्यायचं. थंडीत सगळ्या एकमेकींना बिलगून गोळा होतात, राणी मधोमध. त्यांच्यातले नर काडीचं काम करत नाहीत, नुसते खातात. खाणं कमी पडायला लागलं की कामकरी माश्या त्यांना पंखाला धरून दाराबाहेर काढतात. मी हे आमच्या ह्यांना मुद्दाम सविस्तर सांगितलं. ह्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चहा मागितला.

तर यंदा थंडी सरली, झाडं फुलली, सुनेची पेटी कामाला लागली. सासूबाईंच्या पेटीसमोर मात्र माश्या दारात उगाच इकडून तिकडे फिरत होत्या. पायांना पराग नाही. आवाजही वेगळा. एरवीची भुणभुण नव्हे, आतल्या आत कुणी कण्हत असल्यासारखा.

"बाबा, आईंच्या पेटीत राणी नाही," सून म्हणाली.

"आहे."

"तुम्ही पाहिलीत?"

"राणी कशाला बघायला हवी? अंडी आहेत, म्हणजे राणी आहे. परवाच पाहिली अंडी."

मधमाशीचं अंडं म्हणजे काय, तर पांढऱ्या दोऱ्याचा बारीक तुकडा, पोळ्याच्या घराच्या तळाशी उभा. ते दिसलं तर राणी आहे, नाही दिसलं तर नाही. आणि राणी नाही म्हणजे नवी माशी जन्मणार नाही, जुन्या एकेक करून संपणार आणि पेटी रिकामी होणार. बायकोची पेटी. हे भाऊजींना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं, म्हणून तर ते इतक्या ठासून बोलत होते.

"मी बघू का एकदा?" सुनेनं विचारलं.

"त्या पेटीला हात नाही लावायचा. सांगितलंय ना?"

ती गप्प बसली. पण गप्प बसणाऱ्या सुनेपासून सासऱ्यानं जरा जपून असावं.

दुसऱ्या दिवशी दुकानातून येताना तिनं एक पिशवी आणली आणि गच्चीवर आली. मी अर्थातच भिंतीपाशी होते. माझे कपडे अजून वाळायचे होते. तिनं पिशवीतून वाचायचं कार्ड काढलं. चष्म्याचा नंबर काढताना गिऱ्हाइकाच्या हातात देतात ते, ज्याची अक्षरं खाली खाली मुंगीएवढी होत जातात.

"बाबा, शेवटचा उतारा वाचून दाखवा. वाचलात, तर मी पेटीचं नावही काढणार नाही."

"हात्तिच्या! एवढंच?" भाऊजींनी कार्ड घेतलं, मान मागे घेतली आणि घडाघडा वाचून टाकलं. कुठे अडले नाहीत, श्वासही नीट जागेवर घेतला. "काय? झालं समाधान?"

सून नुसती कार्डाकडे बघत राहिली. मग मीही पाहिलं, आणि मला हसू आवरेना.

"भाऊजी," मी म्हटलं, "कार्ड उलटं धरलंय हो तुम्ही!"

तिनं दिलंच उलटं होतं, बाई माझी! रोज गिऱ्हाइकांच्या तोंडून ऐकून ऐकून त्यांना ते पाठ झालेलं.

मला वाटलं, आता भडकणार. पण ते बायकोच्या पेटीशेजारी स्टुलावर बसले. मग हळूच म्हणाले, "मागे थंडीत चौकट आत बसवताना काहीतरी चिरडल्यासारखं वाटलं होतं. म्हटलं, असेल एखादी. तीच असणार गं. मीच मारली हिची राणी."

मी कोपरं भिंतीवरून काढून घेतली.

सुनेनं पिशवीतून चष्मा काढला आणि त्यांच्यापुढे धरला. "आधी बघा तरी, बाबा."

त्यांनी तो लावला. पहिली नजर माझ्यावरच पडली. "अरेच्चा! वहिनी, तुमचे केस इतके कधी पिकले?"

"तुम्ही न बघितल्यामुळे," मी म्हटलं.

मग इस्त्री उतरली, झाकण उघडलं. एकेक चौकट उन्हाकडे धरून त्यांनी घर न् घर पाहिलं. सगळी कोरडी. अंडं नाही, अळी नाही.

"तुझ्या पेटीतली एक चौकट देशील?" भाऊजींनी विचारलं. हुकूम सोडणाऱ्या माणसाला मागताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

"मागताय काय? आईंच्याच माश्या त्या."

तिनं आपल्या पेटीतून अंड्यांनी भरलेली चौकट काढली, तिच्यावर राणी नाही ना हे नीट पाहिलं, माश्या हळूच झटकल्या आणि चौकट सासूच्या पेटीत मधोमध बसवली. माश्या क्षणात तिच्यावर गोळा झाल्या. कण्हणं थांबलं. लाइट गेल्यावर घरातले सगळे बोलायला लागतात आणि आल्यावर एकदम गप्प होतात ना, तसं झालं.

काही दिवसांनी त्या चौकटीला खाली भुईमुगाच्या शेंगेसारखी दोन-तीन घरं लोंबायला लागली. कामकऱ्यांनी साध्याच अळ्या निवडून, त्यांना खास खाऊ घालून राण्या घडवायला घेतल्या होत्या. त्यातली एक आधी बाहेर आली आणि बाकीच्यांचा तिनं निकाल लावला. पण खरा जीव टांगणीला लागला तो पुढे. नवी राणी नरांना भेटायला उडत बाहेर जाते आणि तिला परत यावं लागतं. वाटेत पाखरानं टिपली, तर सगळं संपलं. "वहिनी, तेवढे दिवस दोरीवर चादरी नका घालू, तिला घर ओळखू द्या," भाऊजी म्हणाले. मी घरातच दोरी बांधली. आमचे हे ओल्या चादरीखालून वाकून जेवायला बसत होते आणि त्या राणीला बोल लावत होते.

मग एका सकाळी भाऊजींनी पेटी उघडली. चष्मा नाकावर, चौकट उन्हात. त्यांनी ती जरा तिरकी केली, पुन्हा सरळ केली. सून पायरीवर उभी होती, ओढणीचं टोक पिळत.

"आहेत अंडी," ते म्हणाले.

तिनं चौकट मागितली नाही. "आहेत ना? मग झालं," म्हणाली आणि डोळे पुसत इस्त्री उचलून आणली.

मी मात्र तिच्याइतकी विश्वासू नाही. भिंतीवरून अर्धी पलीकडे वाकले आणि नीट निरखून पाहिलं.

"दिसली?" भाऊजींनी विचारलं.

"दिसली की! चांगली टपोरी, गोल आहेत."

सून तोंड दाबून हसायला लागली. भाऊजींनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. बऱ्याच दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर तो दुकानातला जुना आनंद होता.

"वहिनी," ते म्हणाले, "वय झालं की व्हायचंच. लाजता कसले? उद्या दुकानात या."