टिकलीचा डबा

डबेवाले चाचा आपला माल आधी आपण खायचे. गिऱ्हाईक कितीही जुनं असो, त्या खेपेतला एक डबा त्याच्यादेखत फोडायचा, बोटभर करवंदाचा मुरंबा स्वतःच्या तोंडात टाकायचा आणि म्हणायचं, "आदी माजं प्वाट, मंग तुमचं." मी तेव्हा लोणावळ्याच्या टपाल कचेरीत साधा कारकून होतो. लोक मला मास्तर म्हणायचे आणि मीही ते खुशाल म्हणवून घ्यायचो.

चाचा मूळचे बेडशाचे. रेल्वेत पत्र्याचं काम करायचे, कथील वितळवून पत्र्याला डाख देण्यात, म्हणजे सांधे जोडण्यात, हात बसलेला. साहेबांच्या बंगल्यांमागे टाकलेले रिकामे डबे ते पिशवीत भरून घरी आणायचे. विलायतेतले मटार बोटीतून महिनोन्‌महिने येतात आणि नासत नाहीत म्हणजे काय, या एका गोष्टीनं त्यांना पछाडलं होतं. प्रत्येक डब्याच्या झाकणावर मधोमध कथलाची एक टिकली असायची. "चांगलं झाकान हाय, तर ही टिकली कशापायी, मास्तर?" मला काय ठाऊक! मी आपला तिकिटं चिकटवणारा माणूस.

दोन उन्हाळे त्यांनी करवंदं नासवली. एक डबा चुलीवर फुटला आणि वरचं कौल गेलं. मग एकदाचं गणित सुटलं. झाकण डाखून मधे सुईएवढं भोक ठेवायचं आणि डबा उकळत्या पाण्यात उभा करायचा. भोकातून वाफ यायला लागली तरी थांबायचं, आतली हवा पुरती जाऊ द्यायची, आणि मगच कथलाचा थेंब टाकून भोक बुजवायचं. तीच टिकली. किती थांबायचं? चाचांकडे घड्याळ नव्हतं, तसबी होती, जपाची माळ. वाफ सुटली की माळ ओढायला सुरुवात करायची आणि ती पुरी झाल्यावर थेंब टाकायचा. "मनी ऱ्हायला की डबा ग्येला," असं ते बजावून सांगायचे.

गावाला हे प्रकरण पचायला वेळ लागला. माझी आई म्हणायची, "बरणीला फडकं बांधतात ते समजतं. वारा लागू न देता कोंडलेलं अन्न म्हणजे पुरलेलं अन्न." तीच आई श्रावणात हळूच विचारायची, "त्या चाचांचा डबा संपला का रे?" लोहगडवाडीच्या बाया मे महिन्यात करवंदांच्या पाट्या घेऊन थेट त्यांच्या दारात उतरायला लागल्या.

चाचांची बायको लवकर गेली. मागे एकच मुलगा, युसूफ. त्याला त्यांनीच वाढवला, त्याच मुरंब्यावर म्हटलं तरी चालेल. दुसऱ्या महायुद्धात युसूफ पलटणीत भरती झाला आणि समुद्रापार जायच्या आधी चार दिवसांच्या रजेवर घरी आला. दुसऱ्याच दिवशी रजा रद्द झाल्याची तार आली. ती तार मीच घेऊन गेलो. दुपारच्या गाडीनं निघायचं होतं. चुलीवर पाण्यात एकच डबा उभा होता, पोराला बरोबर द्यायचा. वाफ नुकतीच सुटली होती. युसूफ गणवेशाच्या पट्ट्या पायांना गुंडाळत होता. चाचांनी वाफेकडे पाहिलं, हातातल्या माळेकडे पाहिलं. अर्धीच झाली होती. त्यांनी थेंब टाकला.

फोडून बघायला दुसरा डबा नव्हता. उभ्या जन्मात पहिल्यांदा त्यांनी न चाखलेला माल कोणाला दिला होता, आणि तोही पोटच्या पोराला.

पावसाळा सरता सरता पलटणीचं पत्र आलं. इंग्रजीत. ते मीच वाचलं, आणि हे लिहिताना आजही माझी मला लाज वाटते. एखादा शब्द गाळला असता तर काय बिघडलं असतं? पण मला माझ्या इंग्रजीची ऐट. शब्दन् शब्द सोडवून सांगितला: युसूफ इस्पितळात वारला, पोटाच्या विकारानं.

चाचा रडले नाहीत. "प्वाटाच्या?" एवढंच विचारलं. मग म्हणाले, "अर्धीच माळ झालती, मास्तर."

मी परोपरीनं समजावलं. तिकडचं पाणी वाईट, रोगाच्या साथी येतात, शेकडो माणसं जातात. पण ते ऐकायच्या पलीकडे गेले होते. डाख द्यायची डाखणी माळ्यावर गेली. पुढच्या मे महिन्यात लोहगडवाडीच्या बाया आल्या, दारात पाट्या ठेवून थोडा वेळ बसल्या आणि तशाच परत गेल्या.

त्यानंतर युसूफचं सामान टपालानं आलं. चाचांनी ते कचेरीतच उघडायला लावलं. दोन सदरे, एक आरसा, आणि सदऱ्यात गुंडाळलेला तो डबा. टिकली जशीच्या तशी. डबा फोडलेलाच नव्हता! सोबत्याची मराठीत चिठ्ठी होती: 'ईदला फोडू म्हणायचा. आम्हाला हातसुद्धा लावू देत नव्हता. ईदच्या आधीच आजारी पडला.'

माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. "चाचा, बघितलंत? त्यानं खाल्लाच नाही हो. तुमचा काही दोष नाही."

त्यांनी डबा टेबलावर ठेवला. पोत्यांच्या दोऱ्या कापायचा माझा सुरा उचलला आणि झाकणात घातला. मी त्यांचं मनगट धरलं. "अर्ध्या माळेचा आहे, चाचा. जिवावर बेतेल."

"आदी माजं प्वाट," ते म्हणाले, आणि दोन बोटं भरून खाल्ला. मग डबा उचलून घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरी उघडायच्या आधी मी धावत त्यांच्याकडे गेलो. चाचा उंबऱ्यावर बसले होते, डबा मांडीवर.

"काय बी झालं न्हाई, मास्तर. ब्येस निगाला. लय ग्वाड हाय." मग डब्यावर हात फिरवत म्हणाले, "खायाला पायजे हुता त्यानं. ईदीची वाट कशापायी बघितली?"

आणि मग ते रडले. महिनोन्‌महिने कोंडलेलं सगळं बाहेर आलं. मी शेजारी बसून राहिलो. बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे पुसले आणि डबा माझ्यापुढे केला. मी बोटभर घेतला. खरंच गोड होता.